नववीत सोडलेलं गणित

माझ्या धाकट्या भावाला सगळे ‘निवांत’ म्हणतात. हे नाव ठेवलं मीच, आणि ते असं काही चिकटलं की लग्नानंतर महिन्याभरात त्याच्या बायकोनेही तेच उचललं. लहानपणी शाळेची घंटा व्हायची तेव्हा हा गृहस्थ एक मोजा घालून दुसरा शोधत बसलेला असायचा. आई ओरडायची, मी ओरडायचे, शेजारच्या काकू खिडकीतून ओरडायच्या. हा मान वर करून म्हणायचा, “होईल ना गं ताई. घाई कसली?” आणि संताप असा की व्हायचंच! शाळेचा शिपाई फाटक लावता लावता ह्याच्यासाठी थांबायचा. अशा माणसाला कुणी सुधारायचं?

पुढे तो फर्निचरला पॉलिश करायला लागला. ह्या धंद्याला असाच माणूस लागतो म्हणा. टायरच्या दुकानाला लागून त्याची लांबट खोली आहे. आत शिरलं की स्पिरिटचा वास थेट नाकात जातो. कपाटं, खुर्च्या, कुणाच्या पलंगाची उशाकडची फळी असं काहीबाही भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं. पॉलिशचा पहिला हात मारला की थांबायचं. बोट लावलं तर ठसा उमटतो आणि मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक दारात थयथयाट करत असलं तरी हा म्हणणार, “वाळू दे. वाळल्याशिवाय दुसरा हात नाही.” काम मात्र नंबर एक. मोठमोठ्या बंगल्यांवरून त्याला बोलावणी येतात.

बरं, ही विद्या त्याने दुकानात ठेवावी ना? नाही, घरी नेली. मुलगी उशिरापर्यंत बोलेना, तेव्हा आम्ही सगळे काळजीत. हा म्हणाला, “बोलेल की.” बोलली, आणि मग थांबेचना. घरमालक खोली सोडा म्हणून दारात येऊन भांडून गेला. हा म्हणाला, “शांत होईल तो.” झाला. फ्रिज घरघर करायला लागला, हा म्हणाला, “थांबेल आपोआप.” थांबला. कायमचाच थांबला, ते सोडा. पण तुम्हीच सांगा, ज्याचं आयुष्यभर न हलता सगळं जमत गेलं, त्याला एखाद दिवशी हलायला लागतं हे कळणार कसं?

त्याला एकच मुलगी. पेन्सिलीची टोकं कुरतडायची म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. तिची आई दवाखान्यात कामाला, संध्याकाळी उशिरा घरी येणार, त्यामुळे शाळा सुटली की पोरगी बापाच्या दुकानात. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून घरं काढायची. वरून बघितल्यासारखी, कुठली खोली कुठे, दार कुठल्या बाजूला उघडतं, उजेड कुठून येतो. चौथीत होती तेव्हा माझ्या घरी येऊन कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “आत्या, तुझं स्वयंपाकघर चुकीच्या जागी आहे.” मी म्हटलं, “बये, आधी भांडी घासायला ये, मग जागा सांग.” पण बोलली ते खरं होतं. दुपारभर मी त्या स्वयंपाकघरात भट्टीत बसल्यासारखी भाजून निघते. खारूला आर्किटेक्ट व्हायचं होतं. तो शब्द नीट म्हणता यायच्या आधीपासून व्हायचं होतं.

ती नववीत असताना शाळेने पालकांना बोलावलं. आमच्या शाळेत नववी संपताना विषय निवडायचे असतात. गणितं दोन. एक साधं, हिशेबापुरतं, आणि एक वरचं. शाळेत मुलांना मार्गदर्शन करायला एक बाई नेमल्या आहेत. त्यांनी सगळ्या पालकांना बजावून सांगितलं, की कॉलेजचा विचार बारावीत करायचा नसतो, आज करायचा असतो. मुलाला जिथे जायचंय ते कॉलेज कुठले विषय मागतं ते आत्ता विचारून घ्या, विषय त्याप्रमाणे घ्या, नंतर बदलता येत नाहीत.

निवांत सभेहून थेट माझ्या दुकानात आला. मी कपडे उसवून, आखूड-लांब करून देते. हा समोरच्या खुर्चीत बसून पोट धरून हसतोय.

“ताई, ऐकलंस का? अजून पोरांना स्वतःचं नाक पुसता येत नाही आणि बाई म्हणतात कॉलेज ठरवा! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग!”

“अरे, पण विचारून यायला काय जातंय तुझं?” मी म्हटलं.

“विचारू की. अजून तीन वर्षं आहेत. नववीतल्या पोरीच्या मागे कशाला लागायचं?”

खारूला त्या वर्षी गणिताने छळलं होतं. गणिताचे सर कडक, फळ्याजवळ उभं करून सगळ्यांसमोर पाणउतारा करायचे. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी पोरगी वहीवर डोकं ठेवून मुसमुसायची. बापाला ते बघवेना. ह्याचं काळीज मुळात लोण्याचं. तर एक दिवस दुकानात, हातातला पॉलिशचा बोळा बाजूला ठेवून ह्याने तिला सांगितलं, “सोड ते वरचं गणित. साधं घे. आणि त्याच्या जागी चित्रकला घे. आर्किटेक्ट करतात काय? घरं काढतात. घरं काढायची तर चित्रकलाच लागणार ना?”

“नक्की ना बाबा?”

“अगं, मी रोज बघतो! बंगल्यावर ते साहेब येतात, हातात नकाशेच नकाशे. पाढे म्हणताना मी तरी त्यांना पाहिलं नाही.”

हे साहेब म्हणजे ज्या बंगल्यात तेव्हा त्याचं काम चालू होतं त्याचे आर्किटेक्ट. रोज दुपारी दोघं जिन्याच्या पायरीवर बसून एकाच किटलीतला चहा प्यायचे. पण विचारायचं सुचलं नाही. जे डोळ्यांना दिसतंय ते कुणाला कशाला विचारायचं, असा त्याचा हिशेब. खारूने बापावर विश्वास ठेवला आणि विषय निवडला. त्या दिवशी ती इतकी खूश होती की दोघं मला आइस्क्रीम घेऊन आली. पुढची तीन वर्षं सुखात गेली. चित्रकलेत शाळेत पहिली, साध्या गणितात उत्तम मार्क, घरात रडणं बंद. निवांत सगळ्यांना सांगत सुटला, “बघा, पोरांना मोकळं सोडलं की अशी फुलतात.”

बारावीचा निकाल लागला आणि आर्किटेक्चरच्या कॉलेजात चौकशीचा दिवस होता, तेव्हा तो मला बरोबर घेऊन गेला. मी बोलायला चांगली म्हणे. खारूच्या चित्रांसाठी ह्याने लाकडाची सपाट पेटी करून तिला आरशासारखं पॉलिश मारलं होतं. ती पेटी काखेत घेऊन हा नवरदेवासारखा रांगेत उभा. खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. तिने खारूचं नाव टाइप केलं, बारावीचे मार्क टाइप केले आणि विचारलं, “वरच्या गणितात किती?”

“चित्रकलेत शाळेत पहिली आहे,” निवांत म्हणाला.

“हो काका, पण गणित?”

“साधं आहे. त्यात चांगले आहेत.”

मुलीने टाइप करायचं थांबवलं. “मग इथे अर्ज नाही करता येणार. वरचं गणित लागतंच. सगळीकडेच लागतं.”

त्याला कळलंच नाही. म्हणजे शब्द कळले, पण ते आपल्याला उद्देशून आहेत हे कळलं नाही. तो हसून म्हणाला, “अहो, तुम्ही चित्रं तर बघा,” आणि खिडकीच्या फळीवर ती पेटी उघडून एकेक कागद काढायला लागला. मागे रांग खोळंबलेली. त्या मुलीने दोन कागद बघितले आणि खरंच मनापासून म्हणाली, “छान आहेत.” मला भडभडून आलं. हिडीसफिडीस केली असती तर मी भांडले तरी असते. खारूने कागद गोळा केले, पेटी मिटली आणि म्हणाली, “चला बाबा.”

आम्ही निघताना त्या मुलीने एक वाट सांगितली. अशा मुलांसाठी वर्षभराचा गणिताचा वर्ग असतो. त्याची परीक्षा दिली की पुढच्या वर्षी अर्ज करता येतो. जागा थोड्या आणि नावनोंदणी महिनाअखेरपर्यंतच. मी ते नीट ऐकून घेतलं. निवांत तोवर पायऱ्यांवर जाऊन बसला होता. चेहरा असा पांढरा पडलेला की खारूच त्याच्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होती. “असू दे बाबा. तुम्हाला तरी काय माहीत.”

इथून पुढे माझ्या भावाचं जे काही झालं ते मला बघवलं नाही. ज्याने आयुष्यात कशाची घाई केली नाही तो माणूस एका दिवसात उलटा झाला. गिऱ्हाईक खुर्ची घेऊन आलं की आधी प्रश्न, “मुलं कितवीत?” सातवीत म्हटलं की हा बोळा हलवत सांगणार, “आजच शाळेत जा. कॉलेज काय मागतं ते विचारा. माझ्यासारखं करू नका.” एक बाई पाळण्याला पॉलिश करायला आली होती. पाळण्याला! तिलाही ह्याने सोडलं नाही. ती बिचारी पाळणा उचलून दुसरीकडे घेऊन गेली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! मला हसूही आवरेना आणि रडूही.

आणि घरी तर विचारू नका. ताट समोर आलं की ह्याचे डोळे भरायचे. “चुकलं गं माझं, खारू.” घास तसाच हातात. मग खारू म्हणणार, “नाही बाबा, मीच तर विषय निवडला होता.” मग हा म्हणणार, “नाही, मी तुझं वाटोळं केलं.” मग ती म्हणणार, “काही वाटोळं नाही झालं, जेवा तुम्ही.” सकाळी हेच, संध्याकाळी हेच. माझी भावजय दिवसभर दवाखान्यातली माणसं सांभाळून घरी येणार आणि इथे आणखी एक रुग्ण. ती एकदा मला म्हणाली, “ताई, आमच्या घरात कॉलेज कुणाचं गेलंय तेच मला कळेनासं झालंय.”

आणि एक दिवस निवांत शीळ घालत माझ्या दुकानात आला. दाढी केलेली, शर्ट धुतलेला.

“ताई, सुटलो गं! खारू म्हणते तिला आर्किटेक्ट व्हायचंच नाही. कंटाळा आला म्हणे घरांचा. कॉमर्सला जाते म्हणाली, मैत्रिणीपण तिकडेच आहेत. म्हणजे बघ, गणित घेतलं असतं तरी फुकटच गेलं असतं!”

“असं ती म्हणाली?”

“हसत हसत म्हणाली. काल किती दिवसांनी पोटभर जेवलो.”

जी पोरगी चौथीपासून लोकांची स्वयंपाकघरं हलवते तिला घरांचा कंटाळा? पण त्याच्या तोंडावरचं ते हसू बघून माझ्याने काही बोलवेना. नावनोंदणी संपायला आठवडाही उरला नव्हता.

दोन दिवसांनी खारू आली, नव्या कॉलेजसाठी घेतलेली पँट आखूड करून घ्यायला. मी गुडघ्यांवर बसून टाचण्या लावत होते. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच ती बोलली.

“खरं सांग, कंटाळा आलाय घरांचा?” मी विचारलं.

मग म्हणाली, “आत्या, बाबा जेवत नव्हते.”

मी टाचणी लावायची थांबले.

“गणिताच्या वर्गाचं नाव काढलं तरी त्यांचे डोळे भरतात. वर्षभर मी समोर बसून अभ्यास करणार, आणि ते वर्षभर माझ्याकडे बघत रडणार. मला नाही जमणार ते. त्यापेक्षा कॉमर्स बरं.” आणि मग एकदम, घुसमटल्यासारखी बोलली, “मला राग आलाय ना, त्याचं काय करू? तो काढायलाही जागा नाही. सगळं वाईट त्यांनाच वाटतंय.”

मी उठले. तिला पँट बदलायला लावली, ती टाचण्यांसकट मशीनवर टाकली, तिला म्हटलं तू घरी जा, आणि भरदुपारी शटर ओढून थेट भावाच्या दुकानात गेले. तो एका टेबलावर वाकून घासत होता. शीळ चालूच.

“बंद कर ते तोंड,” मी म्हटलं. “पोरगी खोटं बोललीय तुझ्याशी. तुला घास जावा म्हणून.”

सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. त्याने हातातला घासायचा कागद खाली ठेवला आणि लगेच त्याचे डोळे भरले. “अरे देवा. म्हणजे पुन्हा माझ्यामुळेच. ताई, मी तिच्या पाया पडून माफी…”

“खबरदार!” मी इतक्या जोरात ओरडले की टायरवाला डोकावून गेला. “तू माफी मागत नाहीस तिची, तू रोज तिच्याकडून माफी वसूल करतोयस! दर जेवणाला. ती बिचारी देते, तू जेवतोस. चूक तुझी, आणि समजूत तिने काढायची? जनाची नाही तर मनाची तरी ठेव!”

माझा भाऊ खाली बसला. लाकडाच्या भुशातच बसला. रडला नाही. मला वाटतं पहिल्यांदाच त्याला रडायची लाज वाटली. मग म्हणाला, “मी तिला लाडाने बुडवलं गं. मारून बुडवलं असतं तर तिने मला शिव्या तरी घातल्या असत्या. ती चांगली वागते ना, तेच सोसत नाही मला. वाटतं, एकदा बोलून टाक म्हणावं. आणि ती बोलेल म्हणून घाबरतोही.”

तेवढ्यात खारू दारात. घरी जा म्हटलं तर ऐकेल ती आमच्या घरातली कसली! माझ्या मागोमागच आली असणार. बापाला भुशात बसलेला बघून तिचा चेहरा लगेच आईसारखा झाला. पुढे येऊन म्हणाली, “बाबा, काय झालं? उठा, कपडे…”

“खारू,” तो म्हणाला, “आत्याने सांगितलंय मला. आता माझी समजूत काढू नकोस. चिड माझ्यावर.”

“मी नाही चिडले.”

“चिड.”

“बाबा, जाऊ दे ना…”

“मी विचारलं असतं तर तुझं नुकसान झालं नसतं. मी विचारलं नाही.”

आणि मग ती पोरगी अशी ओरडली की मी दोन पावलं मागे सरकले.

“रोज चहा प्यायचात त्यांच्याबरोबर! रोज! एक प्रश्न विचारायचा होता, एक! बाईंनी सांगितलं होतं, आत्याने सांगितलं होतं, आणि तुम्ही हसत होतात! मी तुम्हाला ‘नक्की ना’ म्हणून विचारलं होतं. तुम्ही ‘मी रोज बघतो’ म्हणालात. मला गणित येत नव्हतं असं नाही, मला त्या सरांची भीती वाटायची! मला शिकवणी लावून द्यायची होती, बाबा. सोड म्हणायचं नव्हतं. माझ्या वर्गातली सगळी पुढे जाणार आणि मी वर्षभर नववीत सोडलेलं गणित करत बसणार, आणि वर तुम्हालाच जेवायला घालायचं मी!”

निवांतने तोंड उघडलं. मला माहीत होतं कुठला शब्द येणार ते. मी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. त्याने तोंड मिटलं. ओठ चावून, खाली मान न घालता, तो तिच्याकडे बघत राहिला. माझ्या भावाने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम मी त्या दिवशी बघितलं.

“उद्या मी त्या वर्गात नाव घालणार,” खारू डोळे पुसत म्हणाली. “माझी मी जाईन. तुम्ही यायचं नाही.”

“बरं,” तो म्हणाला. बस, एवढंच.

ती गेली. दुसऱ्या दिवशी एकटीच जाऊन नाव घालून आली. जागा मिळाली हे तिने आईला सांगितलं, मला फोनवर सांगितलं, बापाला नाही. ह्याने ते बाहेरच्या खोलीत बसून ऐकलं. जेवण सगळ्यांनी केलं. त्याने ताटातलं सगळं संपवलं, आणि कुणी त्याला जेवा म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

“ताई, ती माझ्याशी बोलत नाहीये गं.” आवाज रडवेला. “ताटसुद्धा उचलून निघून जाते.”

“मग?”

“मग काही नाही. सांगितलं आपलं.”

मी फोन ठेवला नाही. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा, तो म्हणाला, “खोलीचं दार लावून बसलीये. गणित करतेय. मघाशी काहीतरी चुकलं वाटतं, वही आपटल्याचा आवाज आला. मी उठलोच होतो जायला.”

“गेलास?”

“नाही. बसलो परत,” तो म्हणाला. “थोड्या वेळाने तिने वही उचलली, पानं उलटल्याचं ऐकू आलं.”